एक रिकामे करणारी, एक भरणारी

प्रस्तावना

दिवाळीनंतर कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्याला खाजकुइलीची ओळख मुद्दाम करून घ्यावी लागत नाही. ती स्वतःच करून देते. झुडपांच्या डोक्यावर चढलेला वेल, त्याला लोंबणाऱ्या दोन्ही टोकांना वाकलेल्या शेंगा आणि शेंगांवर सोनेरी-तपकिरी लव. दिसायला मखमल. वारा सुटला की ही लव मानेवर, मनगटावर उतरते आणि पुढचा अर्धा तास लेण्याची चैत्यकमान कितीही देखणी असली तरी तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ही खाज निव्वळ टोचण्याची नसते. लवेत म्युक्युनेन नावाचे, प्रथिने तोडणारे विकर असते आणि ते त्वचेतल्या चेतातंतूंच्या ग्राहींना थेट चेतवते. ॲलर्जीच्या खाजेत हिस्टामिनचा जो खेळ असतो तो इथे नाही, म्हणून ॲलर्जीच्या गोळीचा इथे फारसा उपयोग होत नाही. खाजेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ प्रयोगासाठी आजही हीच लव वापरतात.

शेंगेच्या आतली गोष्ट याहून मोठी आहे. काळपट, चकचकीत, वालापेक्षा जाड अशा त्या बियांत वजनाच्या साधारण तीन ते सहा टक्के एल-डोपा असते. मेंदूत डोपामिन ज्यापासून बनते तो हा कच्चा माल. कंपवाताच्या म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णाला डॉक्टर जी मुख्य गोळी देतात, तिच्यातला प्रमुख घटक तोच. खंडाळ्यापासून राजमाचीपर्यंतच्या या ओल्या उतारांवर तो दरसाल फुकट पिकतो आणि बहुतेक लोक त्याच्यापासून चार हात लांब राहतात.

मनावर हलका परिणाम करणाऱ्या औषधी वनस्पती, त्यांतली रसायने आणि लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेला त्यांचा वापर, असा या अभ्यासाचा विषय आहे. त्यात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकासाठी ही पाने आहेत. रसायनशास्त्राचा पदवीधर, आयुर्वेदाचा विद्यार्थी, वनस्पतींची नोंद ठेवणारा शिक्षक, जंगलात वाढलेला आणि आता शिकलेला ठाकर किंवा कातकरी तरुण, यांपैकी कोणीही आले तरी स्वागत आहे. एकाचे काम दुसऱ्यावाचून अडते, हे मी अनुभवाने सांगतो.

काय वगळले तेही सांगायला हवे. गांजा आणि अफू या दोघांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने त्यांच्या अभ्यासाला वेगळेच कुंपण घातले आहे. (त्याच कायद्याने भांगेचे नुसते पान गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवले, ही गंमत वकिलांसाठी सोडतो.) धोतराही वगळला आहे. तो बांधाबांधावर उगवतो, शंकराला वाहतात, म्हणून तो घरगुती वाटतो. पण ॲट्रोपिन-स्कोपोलामिनच्या या झाडात औषध आणि विष यांच्यामधले अंतर इतके थोडे आहे की ‘हलका परिणाम’ म्हणण्याची सोयच नाही. सुपारी समुद्राकडच्या तालुक्यांची. तिच्यातल्या ॲरेकोलिनची कथा श्रीवर्धनच्या वाड्यांत बसून लिहायला हवी. आपण घाटपायथ्यालाच राहू, आणि दोन वनस्पतींपासून सुरुवात करू. एक वर सांगितलेली खाजकुइली. दुसरी सर्पगंधा.

सर्पगंधेला कोकणात अडकई म्हणतात, हरकी असेही म्हणतात. हातभर उंचीचे साधे झुडूप. एका पेराला तीन-तीन पाने, पांढऱ्या फुलांना तांबडे देठ, पिकल्यावर जांभळी-काळी होणारी फळे. कोकणातल्या ओलसर, सावलीच्या जंगलांतली ही वनस्पती आता सहज दिसत नाही. का, ते पुढे येईल. तिच्यासारखीच दिसणारी एक परदेशी बहीण मात्र रस्त्याच्या कडेला आणि पडीक जागेत वाटेल तितकी सापडते. तिला पेराला चार पाने असतात, तीही लहानमोठी. बाजारात सर्पगंधेच्या नावाने हिचे मूळ सर्रास मिसळले जाते. या अभ्यासातला पहिला धडा पाने मोजण्याचा आहे, यंत्राचा नव्हे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम डायमॉक हे मुंबईत सरकारी औषधभांडाराचे काम पाहत आणि पश्चिम भारतातल्या वनौषधींची नोंद करत. त्यांनी लिहून ठेवले आहे की दक्षिण कोकणातून मुंबईत मजुरीला येणारे बहुतेक लोक या मुळाचा लहानसा साठा गाठीला बाळगतात. कशासाठी? पोटदुखीसाठी. मन, झोप, वेड यांचा तिथे संबंध नाही. तिकडे बिहारमध्ये हेच मूळ वेडाचे औषध म्हणून प्रसिद्ध होते. म्हणजे मूळ एकच, पण सह्याद्रीच्या पायथ्याला ते पोटाचे आणि गंगेच्या काठाला डोक्याचे. ‘परंपरेने अमुक वनस्पती अमुक रोगावर वापरतात’ असे एका ओळीत लिहिणारी पुस्तके मी सावधपणे वाचतो ती यामुळे. कोणाची परंपरा आणि कुठली, हे दोन प्रश्न त्या ओळीला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

विसाव्या शतकात गंगेकाठच्या वापराने बाजी मारली. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी मुळातून अल्कलॉइड वेगळे काढले आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून एकाला अजमलिन म्हटले. हृदयाच्या ठोक्यातला ब्रुगाडा नावाचा छुपा दोष उघडा पाडण्यासाठी अजमलिन आजही वापरतात. त्याच वर्षी कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर हे मूळ चालते असे प्रसिद्ध केले. १९३४ मध्ये हिमालया कंपनीने सर्पिना या नावाने त्याच्या गोळ्या काढल्या. तरी जगाचे लक्ष गेले नाही. ते वेधले मुंबईच्या एका डॉक्टरने. केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर घेतलेली चाचणी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापली. भारतातल्या मुळाची इतकी शिस्तशीर नोंद तोवर परदेशी वाचकांसमोर आली नव्हती. ती वाचून बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध तपासले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीच्या बाझेलमधल्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी मुळातला शामक घटक वेगळा केला. त्याचे नाव रेसर्पिन. १९५४ मध्ये नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड मनोरुग्णालयात ते वापरल्याचे अहवाल दिले. १९५६ मध्ये रॉबर्ट वुडवर्ड यांनी हा गुंतागुंतीचा रेणू प्रयोगशाळेत जोडूनही दाखवला. १९५७ चे लास्कर पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले, त्यांत वकील आणि क्लाइन दोघेही होते. केईएमच्या एका वॉर्डातले काम आठ वर्षांत कुठे पोचले ते पाहा.

आता रेसर्पिन मेंदूत नेमके काय करते? चेतापेशी आपली निरोप पोचवणारी रसायने, म्हणजे डोपामिन, सिरोटोनिन, नॉरॲड्रिनॅलिन, बारीक पिशव्यांत साठवून ठेवतात. कर्जतच्या शेतकऱ्याने भात कणगीत भरावे तसे. रेसर्पिन या कणगीचे तोंड बंद करते. नवा दाणा आत जात नाही, बाहेर पडून राहिलेला दाणा उंदीर खातात. इथे उंदीर म्हणजे मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर. काही तासांत कोठार रिकामे होते. बंद झालेले तोंड पुन्हा उघडत नाही, पेशीला नव्या पिशव्या बनवाव्या लागतात, म्हणून औषध थांबवल्यावरही परिणाम बरेच दिवस रेंगाळतो. रुग्ण शांत होतो, रक्तदाब उतरतो, नाक चोंदते, जुलाब होतात. काही रुग्ण इतके खिन्न झाले की डॉक्टरांनी औषध बंद केले. त्या निरीक्षणांवरच ‘नैराश्य म्हणजे मेंदूतल्या या रसायनांची कमतरता’ ही कल्पना पुढे उभी राहिली. नंतर पुरावा पुन्हा तपासला गेला तेव्हा तो वाटला तितका भक्कम नव्हता, असे दिसले. पण तोवर त्या कल्पनेने अर्धे शतक गाजवले होते.

इथे आपली दुसरी वनस्पती येते. १९५७ साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठात आर्विद कार्लसन आणि सहकाऱ्यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे ढिम्म झाले, कान पडले, हालचाल थांबली. मग त्यांना एल-डोपाचे इंजेक्शन दिले. थोड्याच वेळात ससे उठून हालचाल करू लागले. डोपामिन हा नॉरॲड्रिनॅलिन बनवतानाचा केवळ मधला टप्पा नसून मेंदूत त्याचे स्वतःचे काम आहे, हे यातून पुढे आले. कंपवातात मेंदूच्या विशिष्ट भागात डोपामिन आटलेले असते हे १९६० मध्ये व्हिएन्नात दिसले. १९६७ मध्ये जॉर्ज कॉट्झियास यांनी तोंडावाटे मोठ्या मात्रेत डोपा देऊन रुग्णांना चालते केले. कार्लसन यांना २००० सालचे नोबेल मिळाले. या सगळ्या नाट्यातली दोन पात्रे, कोठार रिकामे करणारे रेसर्पिन आणि ते भरणारे एल-डोपा, दोन्ही कोकणच्या झाडोऱ्यात आहेत. लुंडमधल्यांना हे ठाऊक असण्याची गरज पडली नाही, आणि आपण ते वेळेवर पाहिले नाही. बियांतले एल-डोपा तर मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच वेगळे करून छापले होते. पण डोपामिनचे महत्त्व कळायला अजून वीस वर्षे होती.

मुंबईत मात्र दुवा जुळला. १९७८ मध्ये इथल्या संशोधकांनी खाजकुइलीच्या बियांचे चूर्ण कंपवाताच्या रुग्णांना देऊन निष्कर्ष प्रसिद्ध केले. झंडूने पुढे बियांपासून एचपी-२०० हे औषध तयार केले आणि १९९५ मध्ये ६० रुग्णांवर १२ आठवडे केलेल्या अभ्यासाचा अहवाल आला. २००४ मध्ये लंडनमध्ये आठ रुग्णांवर बियांच्या ३० ग्रॅम चूर्णाची नेहमीच्या गोळीशी तुलना झाली. चूर्णाचा परिणाम गोळीच्या जवळजवळ निम्म्या वेळात सुरू झाला आणि जास्त वेळ टिकला. आठ रुग्ण म्हणजे थोडेच. एवढ्यावर कोणी गोळी सोडून चूर्णाकडे वळू नये. पण बीमध्ये एल-डोपाखेरीज आणखी काही मदत करणारे असावे, हा संशय रास्त ठरतो. आणि अभ्यासाला संशयाइतके दुसरे भांडवल नसते.

‘हलका’ हा शब्द वर वापरला, तरी सौम्यपणा झाडात नसतो, मात्रेत असतो. १९८९ साली मोझांबिकच्या नाम्पुला प्रांतात यादवी आणि दुष्काळामुळे अन्नटंचाई पडली. तिथले लोक खाजकुइलीच्या जातीची बी नेहमी पुन्हा पुन्हा उकडून, पाणी ओतून देऊन खात. त्या वर्षी पाण्याची वानवा होती; बी नीट न उकडता खाल्ली गेली, उकडलेले पाणीही प्यायले गेले. दोनशेहून अधिक लोकांना डोकेदुखी, भ्रम, भास, भ्रमिष्टपणा झाला. म्हणजे आजींनी शिकवलेले ‘पाणी ओता’ हे तिथे रसायनशास्त्रच होते, आणि ते पाळायला पाणी हवे होते. आपल्याकडचे वैद्यही खाजकुइलीची बी, म्हणजे कवचबीज, तशीच देत नाहीत. दुधात उकळून, साल काढून, वाळवून मगच. या शोधनाने डोपाचे प्रमाण घटते. एखाद्या विद्यार्थ्याने शोधन न करता आणि करून असे दोन नमुने पातळ थर क्रोमॅटोग्राफीच्या एका पट्टीवर शेजारी-शेजारी चालवून पाहावे. हे काम कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बसते, आणि पोथीतला एक संस्कार नव्याने वाचता येतो.

सर्पगंधेतही तेच. रक्तदाबासाठी पाव मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी रेसर्पिन रोज पुरते. पन्नासच्या दशकात मनोरुग्णालयांत त्याच्या कितीतरी पट देत होते. खिन्नतेच्या तक्रारी वाचताना त्या कोणत्या मात्रेच्या आहेत, हे आधी पाहावे. आणि सबंध मूळ म्हणजे नुसते रेसर्पिन नव्हे. मुळात पन्नासहून अधिक अल्कलॉइड आहेत, त्यांतला बराचसा साठा सालीत असतो, आणि रेसर्पिन हजारात एक भागाच्या आसपास.

मात्रा मोजण्याची सर्वात जुनी साधने आपल्या घरातच होती. बाळगुटीत जायफळ, वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड सहाणेवर दुधात उगाळतात. जायफळाचे किती वेढे द्यायचे ते बाळाच्या महिन्यांवर आणि त्याच्या पोटावर ठरते, आणि बाळ झोपत नसेल तर अर्धा वेढा जास्त. हा वेढा म्हणजे मापच. जायफळातले मायरिस्टिसिन एवढ्या मात्रेत गुंगी देखील जेमतेम आणते. एखाद्याने धाडसाने एक-दोन अख्खी जायफळे खाल्ली तर उलट्या, धडधड, भास होऊन दिवसभर पडून राहावे लागते. (पुरणपोळीनंतरची झोप जायफळाची की पोळ्यांच्या संख्येची, हा प्रयोग अजून व्हायचा आहे.) वेखंडाची बाब जास्त गंभीर. त्यातल्या बीटा-ॲसरोनमुळे अमेरिकेने १९६८ मध्ये ते अन्नपदार्थांत वापरायला बंदी केली. मात्र हे द्रव्य गुणसूत्रांच्या संचांवर अवलंबून कमीजास्त होते: उत्तर अमेरिकेतल्या दोन संचांच्या वेखंडात ते नाही, युरोपातल्या तीन संचांच्या वेखंडात थोडे, आणि आशियातल्या चार संचांच्या वेखंडात भरपूर. म्हणजे युरोपातला निष्कर्ष आपल्या वेखंडाला आणि आपला त्यांच्याला तसाच लावता येत नाही. बाळाला वेखंड द्यावे का, असे विचारले तर मी आता ‘देऊ नये’ म्हणतो. आज्यांचा राग ओढवून घेऊनही.

वेखंडाचे नाव या भागात फार जुने असणार. कोंडाण्याची लेणी इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासची. तिथल्या चैत्यगृहाजवळच्या लेखात ‘कण्हाचा शिष्य बलक याने केले’ अशी नोंद आहे. त्या काळच्या भिक्षूंना कोणती औषधे चालत, ते विनयपिटकातल्या महावग्गाच्या औषधप्रकरणात दिले आहे. मुळांच्या यादीत हळद आणि आल्याच्या शेजारी वेखंड येते, आणि मुळे वाटायला पाटा-वरवंटा ठेवण्याची परवानगीही लगोलग येते. औषधाबरोबर ते तयार करण्याचे साधन लिहून ठेवण्याची ही सवय आजच्या पुष्कळ शोधनिबंधांत दिसत नाही.

म्हणून नोंद कशी करायची त्याविषयी चार शब्द. वनस्पतीचा वाळवलेला, नावनिशी लावलेला नमुना वनस्पतिसंग्रहात ठेवल्याशिवाय तिच्यावरचे कोणतेही रासायनिक काम विश्वासार्ह नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्सचा ब्लॅटर वनस्पतिसंग्रह आणि पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षण या दोन जागा आपल्या हाताशी आहेत. फादर सांतापाव यांचे खंडाळ्याच्या वनस्पतींवरचे १९५३ चे पुस्तक कोंडाण्याच्या नेमके डोक्यावरचे आहे. ते घेऊनच दरीत उतरावे. मराठीत वामन गणेश देसाई यांचा ‘औषधी संग्रह’ आणि शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘वनौषधी गुणादर्श’ हे जुने ग्रंथ अजून उपयोगाचे आहेत. कशेळ्याच्या ॲकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने याच कर्जत तालुक्यात आदिवासींच्या वनौषधीज्ञानावर काम केले आहे. आधी काय झाले ते पाहून मग वाडीवर जावे.

वाडीवर गेल्यावर ‘हे कशावर चालते?’ एवढेच विचारून परत येऊ नये. कोणता भाग, कोणत्या महिन्यात काढलेला, कशात वाटलेला, चिमूटभर की मूठभर, जेवणाआधी की नंतर, आणि मुख्य म्हणजे कोणाला द्यायचे नाही, हे विचारावे. गरोदर बाईला काय देत नाहीत, याच्या उत्तरातून कधी कधी अख्ख्या पुस्तकापेक्षा जास्त कळते. जाणकार भगत सगळे सांगणार नाही. तो त्याचा हक्क आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावपातळीवर समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही आणली, आणि ज्ञानातून नफा झाला तर वाटा मिळण्याची तरतूद केली. तिचा उपयोग कागदापलीकडे नेणे हे अभ्यासकाच्याही हातात आहे: ज्याने सांगितले त्याचे नाव, त्याला हवे असेल तर, निबंधात पहिल्या पानावर यावे, आभारांच्या तळाशी नव्हे.

सर्पगंधा दुर्मिळ का झाली, त्याचे उत्तर याच व्यवहारात आहे. पन्नासच्या दशकात परदेशातून मागणी आली आणि औषध मुळात असल्यामुळे प्रत्येक किलोसाठी अख्खी झाडे उपटली गेली. पान तोडले तर झाड राहते. मूळ काढले की गेले. १९९० पासून ती वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. खाजकुइलीचे तसे नाही: बी दरवर्षी येते, शेतातही लावता येते, आणि बिनखाजेचे वाणही आहेत. औषध वनस्पतीच्या कुठल्या भागात आहे यावर तिचे भवितव्य ठरते, म्हणून प्रत्येक रासायनिक नोंदीत पहिला रकाना भागाचा ठेवावा.

जो वाचक इथून पुढे जाणार आहे त्याच्यासाठी एक काम सुचवतो. डायमॉकने कोकणातले पोटशुळाचे एक औषध प्रमाणासह दिले आहे: सर्पगंधेचे मूळ एक भाग, कुड्याचे दोन, मोगली एरंडाचे तीन, दुधातून. पटकीत तर हेच मूळ ईश्वरीच्या मुळाबरोबर देत. रेसर्पिनने जुलाब होतात हे आपण पाहिले, मग ज्या रोगात माणूस जुलाबांनीच मरतो त्यात ते का द्यावे? कुड्यातल्या कोनेसिनचा त्यात वाटा किती? दूध अल्कलॉइड बाहेर काढते की अडवते? एक-दोन-तीन हे प्रमाण कोणीतरी अंदाजाने ठरवले नसणार. लागवडीतली सर्पगंधा घ्या, जंगलातली नको. पेराला पाने तीन आहेत याची खात्री करा. तीनही मुळे वेगवेगळी आणि एकत्र, पाण्यात आणि दुधात काढून पट्टीवर चालवा. बाकी प्रयोग काचेच्या नळीतच करावेत, स्वतःवर नव्हे.